डिलिरियम, म्हातारचळ आणि गुंगी : शस्त्रक्रियेनंतरच्या अवस्थेला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय 81) खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री ते सलाईनची नळी उपसू लागले, चादरीची कड चिमटीत धरून चिवडत राहिले आणि ‘बैल आत बांधले का?’ असे मला पुन्हा पुन्हा विचारू लागले. बैल विकून तीस वर्षे झाली आहेत. डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणाले, आत्या ‘म्हातारचळ’ म्हणाली, आणि ‘झोपेचे औषध’ द्यावे की नाही यावर घरात वाद झाला. चार दिवसांनी वडील पूर्ण भानावर आले. या अवस्थेला नेमका शब्द कोणता?

उत्तर : ‘म्हातारचळ’ येथे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चळ म्हणजे वयाबरोबर जडलेली आणि न सुटणारी खोड. तो शब्द एकदा उच्चारला की घरचे कारण शोधायचे सोडून देतात. डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, बहुधा उतरतो, आणि त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, घटलेले सोडियम, न शमलेली वेदना किंवा एखादे औषध असे कारण असते.

‘तापात वात झाला, वातात बरळतो आहे’ असे जुनी माणसे म्हणत. त्यात तात्पुरतेपणा बरोबर येतो, पण आज ‘वात’ म्हटले की सांधेदुखीच आठवते. आयुर्वेदातला ‘प्रलाप’ भारदस्त आहे, परंतु त्याच्या मुळाशी ‘लप्’ म्हणजे बोलणे हा धातू असल्याने, जो रुग्ण एक शब्दही न बोलता भिंतीकडे पाहत पडून राहतो, तो या शब्दातून निसटतो. वृद्धांमध्ये हा मुका प्रकार पुष्कळ आढळतो आणि ‘आजोबा शांत झोपले आहेत’ म्हणून नजरेआड होतो. ‘संभ्रम’ आता दुविधेसाठी रुळला आहे. ‘डिलिरियम’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नांगर तासाबाहेर, म्हणजे सरीबाहेर, जाणे असा आहे, हे आपल्या वडिलांना नक्की कळले असते.

स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ आहेच. त्याच्या शेजारी ‘भानभ्रंश’ ठेवला तर एकात आठवण जाते आणि दुसऱ्यात अवधान, हा भेद आपोआप दिसतो. महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगतात ती चाचणी याच अवधानाची असते.

‘झोपेचे औषध’ हा शब्दही फसवा आहे. भूल, गुंगी आणि झोप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडॅझोलॅम, लोराझेपाम या औषधांनी गुंगी येते. रुग्ण निपचित पडतो, पण वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे भान आणखी ढळू शकते. म्हणून दारू किंवा हीच औषधे अचानक तुटल्याने झालेला त्रास वगळता ती शक्यतो टाळतात. डेक्समेडेटोमिडिन या दुसऱ्या औषधाने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. बीजिंगमधील 65 वर्षांवरील 700 रुग्णांच्या अभ्यासात (2016) शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात त्याची अल्प मात्रा दिलेल्यांपैकी 9 टक्क्यांना, तर न दिलेल्यांपैकी 23 टक्क्यांना डिलिरियम झाला. मात्र त्याने नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो, त्यामुळे ते देखरेखीखालीच देतात.

प्रश्नकर्ता : सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ‘भानभ्रंश’ लेखनात शोभेल, पण ‘भ्रंश’ ऐकून आत्या पुन्हा कायमच्या नुकसानीकडेच जाईल. बोलताना मी ‘भान हरपले आहे’ एवढेच म्हणेन, कारण हरपलेले भान परत येते हे तिला सांगावे लागत नाही. आणि एक गोष्ट आपल्या उत्तरामुळे उमगली : तिसऱ्या दिवशी दुपारी वडील गप्प पडून होते, तेव्हा आम्ही त्यांना चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेच नव्हते; त्यांना आराम पडला आहे, असे समजून आम्ही सगळे पाय न वाजवता खोलीबाहेर गेलो होतो.