मदत हवी आहे: दगडी भिंतींत दडलेला लाकडी सांगाडा

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये आम्ही एक जुनं दगडी घर घेतलंय, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं. बाहेरून नुसता दगड दिसतो. आत मात्र ओकच्या दोन वाकड्या, जाडजूड पात्यांची (तुळयांची) जोडी खालपासून थेट आढ्यापर्यंत गेली आहे. इकडे याला 'क्रक' म्हणतात. बऱ्याचदा एकच वाकडं झाड उभं चिरून अशी जोडी काढत. छपराचा भार तिच्यावरच. दगडी भिंती मागाहून, कुडाच्या जागी आल्या असाव्यात. वरच्या वाशांवर काजळी आहे, म्हणजे तेव्हा धुराडं नव्हतं, घराच्या मधोमध उघडी चूल पेटायची. अजूनही बोट लावलं की काळं होतं! कोकणातलं आजीचं स्वयंपाकघर आठवलं.

आता अडचण. आधी कुणीतरी दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्यात. ओल आत कोंडते आणि भिंतीत गेलेला एका पात्याचा बुंधा मऊ लागतोय. सिमेंट काढून चुना भरायचा आहे, परवानगीसाठी कौन्सिलशी बोलणं सुरू आहे. पण आधी लाकूड की आधी दरजा? कुजका भाग कापून नवा ओक सांधण्याचं काम कुणी करून घेतलंय का? एका सुताराने लोखंडी पट्ट्या सुचवल्या, मला ते पटत नाही. शिवाय वर्तुळांवरून झाड तोडल्याचं नेमकं वर्ष काढायला सालीलगतचा थर लागतो, तो दुरुस्तीत जायला नको.

पुणे-नाशिककडे वाड्यांच्या खांबांवर काम केलेल्यांनीही जरूर सांगा.