मदत हवी आहे: मुलांच्या प्राणी-गेम शोसाठी बझर आणि प्रश्न

धागाकर्ता:
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वन्यजीव सप्ताहानिमित्त, सोसायटीतल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी टीव्हीवर असतो तसा प्राण्यांचा गेम शो ठरलाय. चार संघ, प्रत्येकी तीन मुलं, वेळ पाऊण तास. बझर आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आहे. पिन २ ते ५ ला चार बटणं, सगळ्यांना इनपुट पुलअप (बटण न दाबता पिन ५ व्होल्टवर धरणारा बोर्डातला रोध), लूपच्या (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या कोडच्या) शेवटी डिले २००, म्हणजे २०० मिलिसेकंद थांबा.
१. दोन संघांनी जवळपास एकदम दाबलं की दर वेळी संघ १ चाच दिवा लागतो.
२. संघ ४ चा दिवा कधीकधी कुणी न दाबताच लागतो. त्याची वायर सर्वांत लांब, सहा मीटर.
३. प्रश्न 'सर्वांत वेगवान प्राणी कोणता' छापाचे झालेत. ज्याचं पाठांतर तो एकटाच बोलतो.
४. पोपट किंवा कासव मंचावर आणावं का?

तारजोड:
पहिल्याचं कारण तो डिलेच. त्या २०० मिलिसेकंदांत बोर्ड बटणांकडे बघतच नाही. तेवढ्यात दोघांनी दाबलं, तर पुढच्या फेरीत तो पिना क्रमाने तपासतो आणि पिन २, म्हणजे संघ १, आधी सापडते. कुणी झटकन दाबून सोडलं तर तो दाब हरवतोच. डिले काढा, लूपमधलं सीरियल प्रिंटही (संगणकाला मजकूर पाठवणारी ओळ) काढा. पहिला दाब मिळाला की लॉक लावा आणि सूत्रसंचालकाने रीसेट करेपर्यंत बटणं वाचू नका. असं केलं की डीबाउन्सची (बटण थरथरून एक दाब अनेकदा मोजला जाणं टाळण्याची) वेगळी गरज उरत नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते. मुलं बटण दाबूनच ठेवतात, मग रीसेट होताच त्यांचाच दिवा लागतो. रीसेटच्या क्षणी ज्याचं बटण दाबलेलं असेल, त्याने ते सोडून पुन्हा दाबल्याशिवाय मोजू नका.

संघ ४ चा प्रकार लांब वायरीचा. आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे कमजोर, त्यामुळे वायर आजूबाजूचा विजेचा गोंगाट पकडते. पिन आणि ५ व्होल्टमध्ये २.२ किलोओहम, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वर १०४ छापलेला) लावा, दोन्ही बोर्डाच्या टोकाला. बटणाच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि पंख्याच्या वायरीपासून लांब ठेवा.

पाणवठा:
प्रश्न कानाला आणि डोळ्याला घाला. १९८७ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'ॲनिमल क्रॅक-अप्स'मध्ये आधी प्राण्याची चित्रफीत दाखवायचे, मग तिच्यावर प्रश्न. तोच साचा घ्या, पाठांतर आपोआप मागे पडतं.

आवाजाच्या फेरीत भेकर (छोटं हरीण) हवंच. ते चक्क भुंकतं, मुलं बेधडक 'कुत्रा' म्हणतात आणि मग उत्तर कायमचं लक्षात राहतं. आवाज पाच-सहा सेकंदच वाजवा. चित्रफेरीत शेकरूची नुसती शेपटी दाखवा. आपल्या राज्याचा प्राणी मुलांना नावाने माहीत असतो, डोळ्यांनी नसतो.

ठशांची फेरी सर्वांत रंगते. कुत्रा आणि मांजर ओल्या मातीवरून चालवा, ठशाभोवती पुठ्ठ्याची कडी खोचा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरवत घाला. पावडरीवर पाणी ओतलंत तर गुठळ्या होतात. अर्धा तास हात लावू नका. मग ठसे मुलांच्या हातात द्या: कुत्र्याच्या बोटांपुढे नखांच्या खुणा टोचलेल्या दिसतात, मांजर नखं आत ओढून चालते म्हणून तिच्या दिसत नाहीत. बिबट्या मांजराच्या कुळातला हे सांगायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

उणे गुण नकोत, लहान मुलं बटणाला हातच लावेनाशी होतात. चुकलं तर प्रश्न पुढच्या संघाला. आणि दर प्रश्नाला बटण वेगळ्या मुलाकडे, उत्तरही त्यानेच द्यायचं.

रानवाट:
चौथ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात आणू नका. आपला हिरवा पोपट आणि तारा कासव दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात पाळणंच गुन्हा आहे. पाळीव कुत्राही मंचावर नको. बझर आणि टाळ्यांनी तो बिथरतो, आणि समोर मुलं असतात.

धागाकर्ता:
डिले काढला, लॉक लावला. संघ २ आणि ३ ला आता बरोबर संधी मिळतेय. कपॅसिटर उद्या आणतो. ठशांसाठी कुंडीतली लाल माती चालेल का?

पाणवठा:
चालेल, पण चाळून घ्या. खडा राहिला तर तो नखाच्या खुणेसारखा उमटतो.