व्हर्टुस जीटी प्लस १.५ : मॅन्युअल घेऊ की डीएसजी? (जुनी गाडी, बजेट १६ लाख, बेळगाव)

गिअरकापू_शहापूर
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय.
मी बेळगावात शहापूरला राहतो, उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. लहानपणापासून जोरात पळणारी गाडी घ्यायची इच्छा होती, आता जमतंय. खरी दोन दारांची स्पोर्ट्स कार परवडणार नाही, म्हणून फोक्सवॅगनची व्हर्टुस जीटी प्लस, १.५ टर्बो, १५० पीएस. दोन गाड्या बघून आलोय :
एक बेळगावातच. केए-२२, २०२२ ची, ७ स्पीड डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), २९ हजार किमी, एकच मालक. मागतोय १४.२५.
दुसरी कोल्हापूरची. एमएच-०९, २०२३ ची, ६ स्पीड मॅन्युअल, ४४ हजार किमी. मागतोय १२.७५.
वापर असा : रोज शहापूर ते उद्यमबाग, त्यात रेल्वे गेटावर अडकणं ठरलेलं. महिन्यातून एकदा चोर्ल्यातून गोवा. उसाच्या हंगामात कामासाठी चिकोडी, संकेश्वर बाजूला फेऱ्या. घरात मी एकटाच चालवणार. कागदपत्रं, टॅक्स, दुरुस्ती सगळं धरून १६ लाख, त्यावर एक रुपया नाही. गाडी सात-आठ वर्षं ठेवायची आहे.
कुठली घेऊ?

निपाणी_ते_पुणे
डीएसजी. डोळे झाकून. माझ्याकडे हीच आहे, तीन वर्षं झाली, ५८ हजार किमी, एकदाही काही नाही. तवंदी घाटात ट्रकमागे अडकलात की स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढायचं, गाडी उडते. मी परवा पहाटे निपाणीहून निघून पुण्यात नाष्ट्याला पोचलो. मॅन्युअल हवी असेल तर ट्रॅक्टर आहेच की आपल्याकडे.
आणि जुनी कशाला घेता? नवीच घ्या, वॉरंटी मिळते.

मळेकरी_चिकोडी
भावा, ऑटोमॅटिकच्या नादाला लागू नको. माझा अनुभव सांगतो. पाच वर्षांपूर्वी एक छोटी ऑटोमॅटिक घेतली, कंपनीचं नाव घेत नाही. प्रत्येक गिअरला मान पुढं-मागं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडायला निघालो, ॲक्सिलरेटर दाबला, गाडीनं आधी दम घेतला, मग गिअर टाकला. तोवर समोरून एसटी. रस्त्याच्या कडेला उतरवली म्हणून वाचलो, बायको-पोरं गाडीत होती. त्याच महिन्यात विकली. गिअर आपल्या हातातच पाहिजे.

भूलतज्ज्ञ_ताई
@मळेकरी_चिकोडी दादा, तुमचा प्रसंग ऐकून अंगावर काटा आला. पण तुमची गाडी बहुतेक एएमटी होती. त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचं काम यंत्र करतं, म्हणून मधे ती पोकळी येते. डीएसजीत दोन क्लच असतात. एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते. दोन्हींना ऑटोमॅटिक म्हणतात म्हणून लोक एकाच मापानं मोजतात.
मी रोज संकेश्वर-बेळगाव करते, रात्री-अपरात्री इमर्जन्सीला. माझी डीएसजीच आहे (दुसरी गाडी, पण गिअरबॉक्स तोच). थकलेल्या डोक्यानं चालवायची तर डीएसजी. धागाकर्त्यांचा रोजचा वापर गेटावरचा आहे, त्यांनी तीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

रेव्हलिमिट_पणजी
सगळे चुकीच्या गाडीवर भांडताय. मॅन्युअलची खरी मजा घ्यायची तर बीएमडब्ल्यू एम टू. मागची चाकं फिरतात, सहा सिलिंडर, आणि भारतात ६ स्पीड मॅन्युअलमध्ये मिळते. माझ्या मित्राकडे आहे, मी चालवली आहे. व्हर्टुस शेवटी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान.
इतिहास बघा. १९८९ साली फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलचा गिअरबॉक्स आणला आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत मॅन्सेलनं जिंकली. तेव्हापासून शर्यतीत हाताचा गिअर मागे पडत गेला. पोर्शेनं २०१३ ची ९११ जीटी थ्री फक्त पीडीकेमध्ये (पोर्शेची दोन क्लचची ऑटोमॅटिक) काढली, कारण ती जलद. लोकांनी एवढी ओरड केली की २०१७ च्या जीटी थ्रीत मॅन्युअल परत द्यावी लागली. टोयोटा सुप्राचं तेच : २०१९ ला नुसती ऑटोमॅटिक आली, २०२२ ला मॅन्युअल जाहीर केली. मॅन्युअल हळू आहे हे माहीत असून लोक जास्त पैसे मोजतात. का ते विचारा स्वतःला.

निपाणी_ते_पुणे
@रेव्हलिमिट_पणजी १६ लाखाचं बजेट आहे, एम टू कोटीच्या घरात जाते. धागा वाचलाय का? आणि तुम्हीच म्हणताय डीएसजी जलद. मग?

रेव्हलिमिट_पणजी
मी का ते विचारा म्हटलं. उत्तर वाचा.

खानापूरचा_फिटर
२६ वर्षं गिअरबॉक्स उतरवतोय. दोन्ही बाजूचं सांगतो.
ह्या डीएसजीचा क्लच कोरडा. तेलात बुडालेला नाही, त्यामुळे उष्णता लवकर सोसत नाही. ह्या जातीच्या ७ स्पीड बॉक्सला टॉर्कची हद्द २५० न्यूटन-मीटर आहे, आणि १.५ चं इंजिन नेमकं २५० च देतं. म्हणजे वर जागा नाही. रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) करायचा विचार असेल तर आताच सोडून द्या.
बॉक्स वाईट नाही. लोक चुकीचं वापरतात. गेटावर गाडी हातभर-हातभर सरकवत बसतात, क्लच अर्धा लागलेला राहतो, तापतो, झिजतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्यायची, मग सोडायची. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा. एवढं पाळलं तर बरीच वर्षं जाते. पण सात-आठ वर्षं ठेवणार म्हणता, तर वॉरंटी संपल्यावर मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) गेलं तर खर्च मोठा, आणि ते काम आमच्यासारख्याच्या गॅरेजात होत नाही. हेही लिहून ठेवा.
आता मॅन्युअल. कोल्हापूरची गाडी ४४ हजार चालली म्हणता, कुणी चालवली ते महत्त्वाचं. हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका, इंजिन थोडं चढवून क्लच सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन जागेवर बंद पडतं. घरघरत राहिलं तर क्लचप्लेट गेली. रस्त्यावर पाचव्यात ५० ला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर तेच. हे केल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गिअरकापू_शहापूर
@खानापूरचा_फिटर काका, फार आभारी आहे. रविवारी कोल्हापूरला जाऊन तुम्ही सांगितलं तसं केलं. चौथ्यात इंजिन लगेच बंद पडलं नाही, दोन-तीन सेकंद घरघरलं. पाचव्यात आरपीएम एकदम हजारानं वर गेला, वेगाचा काटा तिथंच. मालकाला दाखवलं, तो गप्प झाला.
बेळगावची डीएसजीही शनिवारी तासभर चालवली. काकतीपर्यंत हायवेनं जाऊन आलो. झटका नाही, आवाज नाही. स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही. दोष काढायला जागा नाही.

मळेकरी_चिकोडी
ताई, समजलं, माझी एएमटी होती. तरी मी मॅन्युअलच म्हणालो असतो. पण क्लच गेलेली गाडी नको रे भावा.

खडेबाजार_सुनील
डीएसजी घ्या. गेटावर क्लच दाबून दाबून गुडघा जाईल. आणि जुनी घेण्यापेक्षा नवीच घेतलेली बरी.

आरटीओ_चा_पाठपुरावा
कुणीच टॅक्सचं बोललं नाही. एमएच-०९ गाडी बेळगावात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग कर्नाटकाचा लाईफ टॅक्स. महाराष्ट्रात १० ते २० लाखाच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, कर्नाटकात १७ टक्के, वर सेस. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, तरी दोन लाखांच्या वर तयारी ठेवा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग मागता येतो, पण तो अर्ज मूळ मालकाच्या नावानं. तो सही देणार का, हे सौद्याच्या आधी लिहून घ्या. मी तसं घेतलं नव्हतं, आणि माझा परतावा अजून आलेला नाही, चार वर्षं झाली.

निपाणी_ते_पुणे
आम्ही सरहद्दीवरची माणसं दोन्हीकडून भरडतो. तिकडचा नंबर इकडे अडवतात, इकडचा तिकडे. पेट्रोल मात्र कोल्हापूरची माणसं कोगनोळी ओलांडून आमच्याकडे भरायला येतात.

आरटीओ_चा_पाठपुरावा
पेट्रोलचं वेगळा धागा काढा. इथं टॅक्स चाललंय.

भूलतज्ज्ञ_ताई
म्हणजे हिशोब सरळ झाला. कोल्हापूरच्या गाडीला टॅक्स, क्लच, चकरा. बेळगावची डीएसजी घासाघीस करून १४ ला मिळेल, नंबर इथलाच. एक मात्र करा, सर्व्हिसचा इतिहास शोरूममधून काढून बघा. २०१३ साली ह्याच जातीच्या गिअरबॉक्सच्या १६ लाखांच्या आसपास गाड्या जगभरातून तेल बदलायला परत बोलावल्या होत्या. सिंथेटिक तेलानं आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास होत होता, म्हणून खनिज तेल भरलं. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली, पण कामं वेळेवर झाली आहेत ना हे तपासायला काय जातं?

खानापूरचा_फिटर
ताईंचं बरोबर. मी स्वतः मॅन्युअलवाला, तरी ह्या दोन गाड्यांत बेळगावचीच घ्या म्हणेन.

रेव्हलिमिट_पणजी
ह्या दोनच असतील तर डीएसजी. नाइलाज.

गिअरकापू_शहापूर
(पाच आठवड्यांनी)
उशिराबद्दल माफ करा. गाडी आली. कोल्हापूरची मॅन्युअल घेतली.
सगळ्यांचं ऐकून डीएसजीच्या मालकाला फोन लावायला बसलो होतो, आणि हात पुढे जाईना. कारण सांगतो. मी दिवसभर हॉबिंग मशीनवर गिअर कापतो. दाताच्या कडेला बोट लावलं की बर (कापताना राहिलेली धातूची बारीक धार) कुठं राहिलाय ते कळतं, गेज नंतर लावतो. काकतीच्या रस्त्यावर डीएसजी चालवताना प्रत्येक वेळी मी मनात गिअर ठरवायचो, तोवर तिनं तो बदललेला असायचा. बरोबरच बदलायची, माझ्याआधी. पॅडल ओढूनही हाताला काही लागत नव्हतं. कोल्हापूरच्या गाडीत क्लच घसरत होता तरी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) कुठं पकडतो ते तळहाताला लागलं. आठ वर्षं मला ते रोज हवंय.
क्लचच्या खर्चाचा अंदाज आणि टॅक्स दोन्ही कोल्हापूरच्या मालकासमोर मांडलं, सौदा १२.०५ लाखाला ठरला. परताव्याच्या अर्जावर त्याची सही आधीच घेतली, @आरटीओ_चा_पाठपुरावा, तुमच्यामुळे. सगळं मिळून १५ लाख १० हजार झाले, नव्वद हजार रुपये उरले.
गिअरबॉक्स खानापूरला काकांकडेच उतरवला, मी दिवसभर तिथंच होतो. प्लेटचं अस्तर रिव्हेटांच्या वर ०.३ मिमी राहिलं होतं, मी डेप्थ गेज घेऊनच गेलो होतो. फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणून तोही बदलला. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब दात्यांवर) बोट फिरवलं, एकही कड मोडलेली नव्हती.
काल पहाटे जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत गेलो. धुकं होतं, रस्ता ओला. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवताना ॲक्सिलरेटरला हलका झटका दिला, आरपीएम जुळला, क्लच सोडला तर गाडीला कळलंसुद्धा नाही. सहाव्या वळणाला जमलं, आधीच्या पाच वळणांना हिसका बसला. परत येताना दुसऱ्या गेटावर बावीस मिनिटं उभा होतो. पाय दुखला, सुनीलभाऊ, ते तुमचं खरं.

खानापूरचा_फिटर
पहिले हजार किमी नव्या क्लचवर जोर देऊ नका. चढावर अर्ध्या क्लचवर उभी करायची नाही. हजार झाले की आणा, बघून देतो.

निपाणी_ते_पुणे
अभिनंदन! पण पुढच्या वेळी माझी चालवून बघा, मग बोला. तवंदीला या.

मळेकरी_चिकोडी
छान केलंस भावा. ती बेळगावची डीएसजी गेली का अजून आहे? मेव्हणा विचारूलालाय.