कानातलं हाड: टायटॅनियम, हायड्रॉक्सिअपॅटाइट की आपलंच?

निवांत_नऱ्हे
नमस्कार मंडळी. आईचा (वय ६१) डावा कान लहानपणापासून वाहायचा, आता बऱ्याच दिवसांपासून कोरडा आहे. पडद्याला मोठं भोक. ऐरणीचा (पडद्यामागच्या तीन हाडांतल्या मधल्या हाडाचा) लांब दांडा झिजलाय, रिकीब (शेवटचं हाड) शाबूत आहे, कोलेस्टिएटोमा (कानात वाढून हाड खाणारी त्वचेची गाठ) नाही, असं सर्जन म्हणाले. पडदा बसवताना हाडांची साखळीही जोडणार आहेत. त्यासाठी पर्याय तीन: टायटॅनियमचा पॉर्प (रिकिबीवर टेकवायचं कृत्रिम हाड), हायड्रॉक्सिअपॅटाइटचा पॉर्प, किंवा तिचीच ऐरण बाहेर काढून, घासून, परत बसवायची. ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतंय, बसवायच्या वस्तूचे पैसे मात्र आपले. त्याला १५ हजारांच्या वर जायचं नाहीये. दहा-पंधरा वर्षांनी यातलं काय टिकतं? गुडघ्याचा एमआरआयही सांगितलाय, तेव्हा धातू चालेल का तेही सांगा. आई भजनी मंडळात पेटी वाजवते.

शनिवारपेठी
टायटॅनियम. विषय संपला. सासऱ्यांना बसवलंय, जर्मन, बत्तीस हजार. मागे बसून कुजबुजलं तरी ऐकू जातं, हाच काय तो तोटा.

निवांत_नऱ्हे
बजेट १५ आहे हो.

शनिवारपेठी
वाढवा मग. कान काय दर दिवाळीला बदलायचाय?

पर्वतीचे_भाऊकाका
माझ्या कानात टेफ्लॉनचा पिस्टन आहे. बसवला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता तिचीच मुलगी बालवाडीत जाते. एक पैसा परत खर्च नाही. टेफ्लॉन १९५६ पासून कानात घालतात, अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी सुरू केलं. जुनं ते सोनं. टायटॅनियम वगैरे सगळं मार्केटिंग.

ऑडिओवाली
काका, तुमचं ऑपरेशन वेगळं. तुमची रिकीब जाम झाली होती, म्हणजे ओटोस्क्लेरोसिस. त्यात पिस्टन ऐरणीच्या दांड्याला अडकवतात. इथे तो दांडाच झिजलाय, अडकवणार कशाला?

पर्वतीचे_भाऊकाका
मी फक्त अनुभव सांगितला. टेफ्लॉन चांगलंच.

बिब्बा
टायटॅनियमची आरती ओवाळणाऱ्यांनी हेही वाचा. माझ्या बहिणीचं काही वर्षांनी पडद्यातून बाहेर आलं. सर्दीने कान ठणकतोय म्हणून दाखवायला गेली, तर डॉक्टरांनी चिमट्याने काढून ट्रेमध्ये ठेवलं. बारीक जाळीदार चकती आणि तिला काडी. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. 'शरीराने स्वीकारलं नाही' एवढंच सांगून मोकळे. पैसे घेताना बरे स्वीकारले.

वाकडेवाडी_लोकल
म्हणूनच हायड्रॉक्सिअपॅटाइट. मी हाडांच्या साहित्याच्या धंद्यात आहे. आपल्या हाडात जे कॅल्शियम फॉस्फेट असतं तेच हे, शरीर परकं मानत नाही. पडद्याला थेट टेकलं तरी चालतं.

ऑडिओवाली
ठिसूळ आहे, लांबी कमी करायला गेलं की तडकतं, हेही सांगा ना. आणि 'थेट टेकलं तरी चालतं' म्हणत असले तरी बरेच सर्जन वर कूर्चा ठेवतातच.

वाकडेवाडी_लोकल
हात बसलेला असला की तडकत नाही. आणि हल्ली वर हायड्रॉक्सिअपॅटाइट नि खाली टायटॅनियम असे जोडप्रकारही मिळतात.

सोनसाखळी
सोनं का वापरत नाहीत? गंजत नाही. लक्ष्मी रस्त्यावर करून मिळेल, मजुरीत सूट. (हलके घ्या.)

ऑडिओवाली
सोन्याचेही बसवायचे एके काळी. जड पडतं, वरच्या पट्टीतले आवाज मार खातात, म्हणून मागे पडलं. टायटॅनियमचा पॉर्प काही मिलिग्रॅमचा असतो.

ताशा_कडक
आजच्या पिढीचे कान ढोलपथकांनी घालवले. मिरवणुकीत बेलबाग चौकात तासभर थांबा, मग बोला इम्प्लांटबद्दल.

शनिवारपेठी
तुमच्याच नावात ताशा आहे.

ताशा_कडक
म्हणूनच सांगतोय. इअरप्लग लावून वाजवतो मी.

ऑडिओवाली
आवाजाने जातात त्या आतल्या कानातल्या पेशी. तिथे हाड, टायटॅनियम, काहीही बसवून उपयोग नाही. आईंचं साखळी तुटल्याचं आहे म्हणून तर दुरुस्ती होतेय. ढोलांसाठी वेगळा धागा काढा.

आता मूळ प्रश्न. बिब्बा, तुमच्या बहिणीसारखं होतं, पण सगळा दोष धातूचा नसतो. नाकाच्या मागून कानात हवा नेणारी नळी नीट चालत नसेल, तर पडदा आत ओढला जातो आणि चकतीवर घासून घासून फाटतो. म्हणून टायटॅनियमची चकती नि पडदा यांच्यामध्ये कानाच्याच कूर्चेचा पातळ काप ठेवतात. तो ठेवला होता का, हे डिस्चार्ज पेपरवर बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात सच्छिद्र प्लास्टिकचे असायचे, ते खरोखर वस्तूमुळे बाहेर यायचे. सिरॅमिक काचेचे काही तर आत विरघळून गेले. टायटॅनियम आणि हायड्रॉक्सिअपॅटाइट दोन्ही त्या मानाने शांत आहेत. यापुढे कान परत वाहतो का, नळी चालते का आणि रिकीब शाबूत आहे का, यावर जास्त ठरतं. तुमच्याकडे रिकीब आहे, ही मोठी जमेची बाजू. ती नसती तर टॉर्प (रिकिबीचीही जागा घेणारं लांब कृत्रिम हाड) लागला असता आणि निकाल साधारण कमी येतो.

स्वतःची ऐरण सगळ्यांत स्वस्त आणि पडद्यातून बाहेर यायची भीती जवळजवळ नाही. पण ती सरकू शकते, बाजूच्या हाडाला चिकटू शकते, क्वचित झिजते. कोलेस्टिएटोमा असता तर वापरूच नका म्हटलं असतं, रोग त्याच हाडात लपून राहू शकतो. आणि निकाल कुणी 'चांगला' म्हटलं की विचारा, किती डेसिबल? हवेतून आणि हाडातून ऐकण्यातली तफावत २० डेसिबलच्या आत आली तर यश मानतात. म्हणजे कान पुन्हा विशीतला होत नाही.

कोथरूडची_माई
सगळं वाचलं नाही, पण टायटॅनियम घ्या. +१.

फाईलवाले_देशपांडे
एमआरआयचं कुणीच बोलेना. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, नेहमीच्या मशीनमध्ये सहसा अडचण नसते. घोटाळा झाला होता तो १९८७ मध्ये, स्टेनलेस स्टीलच्या काही पिस्टनचा. चुकीच्या जातीचं पोलाद निघालं आणि परत मागवले. तेव्हा काहीही बसवा, पाकिटावर मॉडेल नि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो डिस्चार्ज पेपरवर चिकटवून घ्या आणि लगेच झेरॉक्स काढा. एमआरआयवाला ऐनवेळी विचारतो आणि आपण 'कसलंसं धातूचं आहे' म्हणत बसतो.

बिब्बा
@ऑडिओवाली, बहिणीचे पेपर काढले. कूर्चेचा उल्लेखच नाही!

शनिवारपेठी
म्हणजे टायटॅनियम निर्दोष. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

निवांत_नऱ्हे
सगळ्यांचे आभार. काल आईला घेऊन सर्जनकडे गेलो होतो, ऑडिओवालींचे प्रश्न कागदावर लिहूनच नेले. नळी ठीक वाटतेय म्हणाले. कूर्चा ते तसंही ठेवतात. आईने स्वतःची ऐरणच ठरवली आहे. "माझं आहे ते आधी वापरा, नाहीच जमलं तर विकतचं," असं तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं. कान उघडल्यावर ऐरण फारच खाल्लेली निघाली तर टायटॅनियम. तो टेबलाजवळ तयार ठेवतील आणि पाकीट फोडलं तरच बिल लावतील. हे बिलिंग काउंटरवर लेखी घेतलंय.

शनिवारपेठी
इतक्या लोकांनी सांगूनही. बरं, शुभेच्छा.

वाकडेवाडी_लोकल
हायड्रॉक्सिअपॅटाइटचं विचारलंत तरी का?

निवांत_नऱ्हे
विचारलं. त्यांचा हात टायटॅनियमवर बसलाय म्हणाले.

कोथरूडची_माई
सर्जन कोण? माझ्या जावेलाही दाखवायचंय. फी किती घेतात?

निवांत_नऱ्हे
माई, व्यनि केलाय.