अनुभव धागा: स्टेटसवरची गाडी कुणाची होती?

उचकी
सकाळी फोनने आपणहून दाखवलं, '७ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी'. मी एका पांढऱ्या गाडीला टेकून उभी, वर ओळ: 'स्वप्नं बघायची हिंमत ठेवा.' तेव्हा मी मल्टीलेव्हल मार्केटिंगमध्ये होते, म्हणजे माल विकायचा आणि खाली माणसं जोडत जायची. गाडी माझ्या अपलाइनच्या (मला ज्यांनी जोडलं त्यांच्या) अपलाइनची. मला तेव्हा चालवताही येत नव्हती. आताही येत नाही.

आम्हाला शिकवलेलं 'पर्सनल ब्रँडिंग' एवढंच होतं: रोज तीन स्टेटस. एक प्रेरणादायी, एक प्रॉडक्टचं, एक लाइफस्टाइलचं. प्रॉडक्टचं नाव लिहायचं नाही, नुसती उत्सुकता चाळवायची. कुणी विचारलं की 'इनबॉक्समध्ये सांगते'. कमाई विचारली तर हसरा चेहरा. दोन वर्षं इमानेइतबारे केलं. वहीत लिहून ठेवायचे म्हणून सांगते, दोन वर्षांत जेवढे चेक आले त्याहून माझीच दर महिन्याची खरेदी जास्त होती. स्टेटसवर मात्र आमची टीम वाढतच होती.

लागलं ते एका मैत्रिणीचं. तिचे वडील आजारी होते, मी मेसेज केला, 'कशी आहेस? बरेच दिवसांत बोलणं नाही.' खरंच काळजीने केला होता हो. तिचं उत्तर: 'मला काही विकत घ्यायचं नाहीये.'

तुम्ही हे केलं असेल, करत असाल किंवा तुमच्यावर झालं असेल तर लिहा. धंद्यात राहून नाव सांभाळणं कुणाला जमलं असेल तर तेही. कंपन्यांची नावं नकोत, प्लीज.

तिरपागडा
गाडी!! आमच्याकडे एकाच गाडीसमोर नऊ 'अचीव्हर'. नंबरप्लेट झाकायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मेव्हण्याने खाली विचारलं, 'नऊ जणांत मिळून घेतली का?' लगेच सूचना आली, निगेटिव्ह माणसाला ब्लॉक करा. मेव्हण्याला! तो आमच्याच घरात राहायचा.

मोरपीस
हाहाहा मेव्हणा भारी.
अवांतर: त्या मेमरीज बंद करता येतात का? मला दर वर्षी गेलेलं मांजर दाखवतात.

उचकी
तेवढी तारीख लपवता येते, सेटिंगमध्ये शोधा. मांजराचं वाईट वाटलं.

साखळीतली_कडी
मी अजून करतेय, सहा वर्षं झाली, त्यामुळे दगड मारायचे तर मारा. सुरुवात अगदी तुमच्यासारखीच. क्रीमचा आधी-नंतरचा फोटो टाकला होता, त्याखाली एकीने लिहिलं, 'उजेड बदललाय, चेहरा नाही.' बरोबर होतं तिचं. पहिला फोटो बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात, दुसरा खिडकीत. कॉमेंट उडवणार होते, बोट तिथवर गेलंही होतं. मग खाली सरळ कबूल केलं आणि चाळीस दिवस त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढले. फरक जेमतेम. तसंच लिहिलं: 'कोरडेपणा कमी झाला, डाग आहेत तिथेच आहेत.' त्या पोस्टवर जेवढ्या ऑर्डर आल्या तेवढ्या आधीच्या सहा महिन्यांत मिळून आल्या नव्हत्या. अपलाइनचा फोन आला, डागांचं वाक्य काढ म्हणून. नाही काढलं.

तेव्हापासून पहिल्याच ओळीत लिहिते की यावर मला कमिशन मिळतं. हॅशटॅगच्या ढिगाखाली लपवून नाही. किंमत उघड, 'डीएम करा' बंद. परत करायचं तर किती दिवसांत, तेही तिथेच. 'जॉइन व्हा' पोस्टवर कधीच नाही. कुणी आपणहून विचारलं तर आधी माझा मागच्या वर्षाचा हिशोब पाठवते, खर्चासकट. तो बघून बहुतेक जणी 'विचार करून सांगते' म्हणतात आणि पुन्हा सांगत नाहीत. टीम एवढीशीच आहे. रँक दोनदा गेली. ग्राहक टिकले.

दुपारची_झोप
कुठलं क्रीम?

साखळीतली_कडी
नाही सांगणार, धाग्याचा नियम.

दुपारची_झोप
बघा, न सांगता विकलंत.

आकडेमोड
बसमध्ये आहे, पटकन लिहितो. 'तुम्ही सहा जोडा, ते प्रत्येकी सहा जोडतील' हे फळ्यावर मी स्वतः दाखवायचो. एकदा पहिल्या रांगेतला मुलगा मोबाइलवर गुणत बसला. तेराव्या पायरीला १३ अब्जांहून जास्त माणसं लागतात, पृथ्वीवर आहेत साधारण ८ अब्ज. त्याने हात वर करून सांगितलं. मी म्हटलं, 'निगेटिव्ह विचार बाहेर ठेवून या.' लोक हसले त्याला. अजून आठवलं की कान गरम होतात.

आणि ते 'नाव लिहू नका' यामागे मानसशास्त्र वगैरे असेलही, पण टिकटॉकने २०२० च्या डिसेंबरपासून मल्टीलेव्हल मार्केटिंगचा मजकूरच बंद केला. फेसबुकच्या जाहिरात नियमांतही अशी संधी विकायला परवानगी नाही. उघड लिहायची सोय नसते, मग 'उत्सुकता चाळवा'. माझं मत हं. कमाईचं म्हणाल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा कंपन्यांनी स्वतःच छापलेली ७० उत्पन्न-पत्रकं तपासली. बहुतेकांची वर्षाची मिळकत हजार डॉलर किंवा त्याहून कमी. त्यातल्या बऱ्याच पत्रकांत खर्च धरलेलाच नाही. स्टॉप आला, उतरतो.

पानगळ
माझ्यावर झालंय. शाळेत एका बाकावर बसायचो, अठरा वर्षांनी तिचा मेसेज. 'तुझी फार आठवण येते.' मी भलंमोठं उत्तर लिहिलं, बाईंची नक्कल, फुटलेली कंपासपेटी, सगळं. पाठवायच्या आधी तिचा मेसेज पुन्हा वाचला तर सुरुवातीला भलत्याच मुलीचं नाव. कॉपी-पेस्ट करताना बदलायचं राहिलं होतं. माझं खोडून टाकलं.

उचकी
मी पाठवलेत असे. माफ करा, तुम्हाला नसतील, पण पाठवलेत.

बिझनेस_माइंडसेट
ताई, प्रोफेशन चुकीचं नाही, तुमचा अप्रोच चुकला. इनबॉक्स बघा.

तिरपागडा
आला!

मोरपीस
किंमत उघड लिहा भाऊ, वर कडीताईंचा नियम आहे.

बिझनेस_माइंडसेट
किंमत नाही, गुंतवणूक म्हणा.

तिरपागडा
बरं. गाडी कुठली?

साधी_रेघ
चार्जिंग ४%, थोडक्यात. वहिनींनी सोडलं तेव्हा गुपचूप नाही सोडलं. पोस्ट लिहिली, 'मी थांबतेय. माझ्या शब्दावर घेतलेले, न उघडलेले डबे कुणाकडे असतील तर परत द्या, पैसे देते.' दादा वैतागला होता, कारण कंपनीची परत घेण्याची मुदत उलटून गेली होती, पैसे यांच्याच खिशातून. तिघींनी दिले. पुढच्या वर्षी वहिनींनी शिकवण्या सुरू केल्या, पहिली मुलं त्या तिघींचीच. वहिनी म्हणतात योगायोग. मला नाही वा

दुपारची_झोप
गेली बॅटरी.

उचकी
सगळ्यांचं वाचतेय, मध्ये मध्ये कामं चालू आहेत. त्या मैत्रिणीला लिहावं का, ठरत नाहीये. तिचे वडील नंतर गेले, मला तिसऱ्याकडून कळलं. सुरुवात कशी करणार? 'काही विकत नाहीये' अशी?

तिरपागडा
गाडीचा फोटो पाठवा. सांगा, माझी नव्हती.

मोरपीस
तारीख सापडली, लपवली. मग परत चालू केली. राहू दे.