फेज मोजायची कटकट सोडा, गणिताने काढा. पटतंय का?

रबाळेकर:
एमआयडीसीत आमचं अँटेना तपासायचं छोटंसं चेंबर आहे, २८ गिगाहर्ट्झचे अँटेना अ‍ॅरे (अनेक छोट्या अँटेनांचा, म्हणजे एलिमेंट्सचा, एक संच) तपासतो. नीअर-फील्ड स्कॅनला, म्हणजे अँटेनाजवळ प्रोब (मोजणारा छोटा अँटेना) सरकवत केलेल्या मोजणीला, अँप्लिट्यूड (लहरीची ताकद) आणि फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) दोन्ही लागतात तरच लांबचा पॅटर्न निघतो, आणि फेज म्हणजे नुसता डोक्याला ताप. तरंगलांबी १०.७ मिलिमीटर, वाटेत १ मिलिमीटरचा फरक पडला की ३४ अंश गेलेच समजा. प्रोब सरकला की केबल वाकते, दुपारी एसी दमतो, सकाळी मोजलेला पॉइंट संध्याकाळी भलतंच सांगतो. केबलला चिकटपट्ट्या लावून लावून थकलो राव. माझं म्हणणं, दोन अंतरांवर फक्त अँप्लिट्यूड मोजा आणि फेजचं गर्चबर्ग-सॅक्स्टन नावाच्या गणिती पद्धतीवर सोडा. १९७२ची पद्धत आहे, फेज अंदाजाने धरायची, गणिताने दुसऱ्या अंतरावरच्या प्रतलावर जायचं, तिथे मोजलेली अँप्लिट्यूड टाकायची पण फेज हात न लावता ठेवायची, परत मागे यायचं, असं शेकडो वेळा.

कोपरी पूल:
आणि शेकडो फेऱ्या मारून गाडी पोचते कुठे? मी हे करून बसलोय. सुरुवातीचा अंदाज बदलून दोनदा चालवलं, एरर (मोजलेल्या आणि गणिताच्या अँप्लिट्यूडमधला फरक) दोन्ही वेळा खाली जाऊन एका जागी अडकली, मुख्य बीम सेम टू सेम, पण साइडलोब (बाजूला फुटणारे छोटे बीम) वेगवेगळे! क्लायंटला कुठला कागद देणार? आपल्या कोपरी पुलावरच्या ट्रॅफिकसारखं, पुढे सरकतोय असं वाटत राहतं फक्त.

येऊरकडे बघणारा:
पण हबल अंतराळ दुर्बिणीचं काय मग? १९९० साली वर गेली आणि फोटो धुरकट. ताऱ्यांचे फोकस बदलून काढलेले फोटो घेऊन फेज रिट्रीव्हलनेच, म्हणजे अशीच फेज गणिताने काढून, आरशातली चूक काढली, कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट. १९९३ला दुरुस्ती झाली ती त्याच आकड्यांच्या भरवशावर ना?

कोपरी पूल:
अर्धी गोष्ट सांगतोयस. आरसा तपासायचं जे यंत्र खाली कारखान्यात होतं त्यात एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलेलं सापडलं, तेही मोजून. दोन्हीकडून उत्तर जवळपास एकच आलं म्हणून विश्वास बसला. शिवाय तिथे शोधायचं होतं मुख्यतः एका आकड्याचं उत्तर, आरशाची वक्रता किती बिघडलीय ते. तुमच्या अ‍ॅरेत २५६ एलिमेंट, प्रत्येकाची फेज वेगळी. कसली बरोबरी?

रबाळेकर:
मुद्दा बरोबर आहे, पण मोजलेली फेज म्हणजे काय देववाणी आहे का?

कोपरी पूल:
टाय स्कॅन घे की. स्कॅन संपल्यावर आडवी एक रेघ पटकन मोजायची, ड्रिफ्ट (स्कॅन चालू असताना फेज हळूहळू किती सरकली ते) तिथेच कळतो.

रबाळेकर:
घेतोच! त्याने एसीचा ड्रिफ्ट निघतो, केबल वाकल्याचा नाही, कारण ती दर वेळी त्याच जागी तशीच वाकते. म्हणून असं करतो, मोजलेली फेजच सुरुवातीचा अंदाज म्हणून देतो, कोरी पाटी नाही, आणि मग दोन प्रतलांवर फिरवतो. शनिवारी एका एलिमेंटची फेज मुद्दाम ९० अंश बिघडवून दोन्ही पद्धतींनी बघतो कोण पकडतंय.

कोपरी पूल:
एक नको, तीन बिघडव. आणि कुठले ते कोड चालवणाऱ्या पोराला सांगू नकोस.