दोष छेत्रीचा नाही

‘निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावलं, म्हणून भारताचा फुटबॉल संघ बुडाला’ असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, तो परतला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोलही केला. त्याची जागा घेईल असा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, आपण तयारच केला नाही, खरं दुखणं ते आहे.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मडगावात, सिंगापूरविरुद्धच्या पात्रता सामन्यात, आपल्या छांगतेने आघाडी मिळवून दिली, तेव्हा इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, बाबा खुर्चीतून उठलेच. मग सिंगापूरने दोन गोल केले आणि २०२७चा आशिया चषक हातचा गेला. बाबांचा चहा तसाच, साय धरून. फार जिवाला लागलं हो!

आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, बहुतेक क्लब गोल करायला परदेशी खेळाडूच आणतात. मग आपल्या पोरांना तिथे खेळायला मिळणार कधी?